ऑकलंड ते सँटियागो, २२,३०० किलोमीटर?

ऑफिसच्या विमानप्रवासाचा कार्बन रिपोर्ट माझ्याकडे असतो, त्यात प्रत्येक तिकिटाचं अंतर लागतं. त्या दिवशी शीट तपासताना ऑकलंड-सँटियागोच्या ओळीवर अडकले. अंतर २२,३०० किमी! अहो पृथ्वीचा घेरच ४०,००० च्या आसपास, म्हणजे कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सगळ्यात जवळचं अंतर फार तर त्याच्या निम्मं, २०,००० च्या जरासं पुढे, त्याच्या वर जाऊच शकत नाही.

फॉर्म्युला उघडला तर कोणीतरी पूर्वी सपाट नकाशाचा हिशोब लावून ठेवलेला. रेखांशांची वजाबाकी, गुणिले अक्षांशाचा कोसाइन, गुणिले एका अंशाचे १११ किमी. ऑकलंड १७४.८ पूर्व, सँटियागो ७०.८ पश्चिम म्हणून उणे, वजाबाकी आली जवळपास २४६ अंश. म्हणजे शीटने विमान आफ्रिकेवरून, अटलांटिक ओलांडून उलट्या बाजूने चिलीला नेलं. पॅसिफिकवरून जायला ११४ अंशच लागतात.

शेजारचा सहकारी म्हणाला, "३६० मधून वजा कर की, झालं." केलं. १०,४०० आले, आणि दिसायला अगदी पटण्यासारखे. मला खरी काळजी अशाच आकड्यांची वाटते, २२,००० वाला कधी ना कधी कोणाच्या तरी डोळ्यात खुपतो, हा कोणालाच खुपत नाही आणि सरळ रिपोर्टमध्ये जाऊन बसतो. हॅवरसाइनने, म्हणजे गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढायच्या सूत्राने, काढलं तर जेमतेम ९,६५०. साडेसातशे किमी हवेतच वाढलेले!

त्याला काही पटेना. "अगं दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, सरळ पूर्वेला जायचं ना." मग कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला आणि दोन शहरांवर दोरा धरून ताणला. ढिला असताना दोरा अक्षांशाच्या रेषेवर राहत होता, पण ताणला की घसरून दक्षिणेला जायचा, पार ५२ अंशांच्या खाली. ऑकलंड ३७ वर, सँटियागो ३३ वर, आणि जवळची वाट अंटार्क्टिकाच्या बाजूने वाकून जाते. त्याने स्वतः दोनदा ताणून बघितलं.

हॅवरसाइनमध्ये रेखांशाच्या फरकाच्या निम्म्याचा साइन घेऊन त्याचा वर्ग करतात, त्यामुळे २४६ घाला की ११४, उत्तर तेच येतं, ३६० ची भानगडच नाही. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे आणि यात ती ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरतात, त्याने फार तर अर्धा टक्का इकडे-तिकडे होतं, आमच्या कामाला चालतं.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, विमान काय दोऱ्यावरून उडतं का? प्रश्न रास्त होता, वारा, हवामान, एअर ट्रॅफिक सगळ्याने वाट बदलते. म्हणून इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीत ५,५०० किमीच्या वरच्या प्रवासाला १२५ किमी जास्तीचे धरतात. ते वेगळ्या कॉलममध्ये टाकले आणि टोकियो-लॉस एंजेलिससारखे १८० रेखांश ओलांडणारे बाकीचे रूट शोधायला बसले, तिथेही तोच घोळ होता.