टीसीच्या अर्जावर सही होण्याआधी

अकरावीची वार्षिक परीक्षा संपली की माझ्या टेबलाशी येणाऱ्या पालकांचा प्रश्न बदलतो. दहावीनंतर ते "कोणतं कॉलेज?" असं विचारतात, मार्चमध्ये "आहे ती शाळा सोडावी का?" असं. मी विद्यार्थी-समुपदेशनाचं काम करते आणि या दुसऱ्या प्रश्नाची धास्ती मला जास्त वाटते. अकरावीच्या प्रवेशात काही चुकलं तर सुधारायला दोन वर्षं असतात. बारावीच्या तोंडावर शाळा बदलली तर एकच वर्ष उरतं, आणि त्यातले पहिले दोन महिने नव्या जागी रुळण्यात जातात.

त्या दिवशी आलेल्या कुटुंबाकडे टीसीचा अर्ज भरून तयार होता, फक्त वडिलांची सही राहिली होती. मुलगी सीबीएसई शाळेत, नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, तयारी करणारी. राजस्थानातल्या एका क्लासने वसतिगृहासह जागा देऊ केली होती आणि बारावीचा प्रवेश तिथल्याच एका शाळेत "नावापुरता" करून देऊ असं सांगितलं होतं. बुकिंगची रक्कम गेली होती, उरलेली फी संध्याकाळपर्यंत भरायची होती. वडिलांना माझ्याकडून खरं तर दुजोराच हवा होता. आई गप्प होती. मुलगी म्हणाली, "मॅडम, मला जायला चालेल. इथे मला वेळच मिळत नाही."

हे वाक्य मी गांभीर्याने घेते. वेळ मिळत नाही असं मूल म्हणतं तेव्हा बहुतेकदा ते खरं असतं, म्हणून आधी तिचा दिवस कागदावर उतरवला. सकाळी 6:40 ला बस, 7:30 ते 2 शाळा, 2:50 ला घरी. 3:35 ला पुन्हा बाहेर, 4 ते 8 क्लास, 8:25 ला परत. जेवणानंतर 9:15 ते 10:45 अभ्यास, त्यातली चाळीस मिनिटं शाळेच्या वह्या-प्रकल्पांत. स्वतः एकटीने बसून प्रश्न सोडवण्याचा वेळ उरतो पन्नास मिनिटं. झोप सात तासांच्याही आत. रोज दहा-साडेदहा तास कुणीतरी शिकवतंय आणि ती ऐकतेय. त्यात शाळेत एक धडा चालू असताना क्लासमध्ये भलताच, म्हणजे एकच गोष्ट दोनदा आणि वेगवेगळ्या क्रमाने. एवढ्यापुरतं वडिलांचं म्हणणं बरोबर होतं. आहे तसंच चालू ठेवणं हा पर्याय नव्हताच.

पण वेळ कमी पडतो हे कळलं, तरी मार्क कुठे जातात हे त्यातून कळत नाही. पालकांना मी भेटीआधीच सांगून ठेवते की शेवटच्या पूर्ण चाचणीची प्रश्नपत्रिका, उत्तरं आणि रफ कामाची पानं घेऊन या. बरेच जण फक्त गुणपत्रक आणतात, त्यातून फारसं हाती लागत नाही. या मुलीने रफची पानं जपून ठेवली होती. नीटच्या पेपरात 180 प्रश्न असतात : भौतिकशास्त्र 45, रसायनशास्त्र 45, जीवशास्त्र 90. वेळ 180 मिनिटं. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला वजा 1. तिची अकरावीच्या पूर्ण अभ्यासक्रमावरची चाचणी अशी होती : जीवशास्त्रात 68 बरोबर, 17 चूक, 5 सोडलेले, म्हणजे 255. रसायनात 22 बरोबर, 13 चूक, 10 सोडलेले, म्हणजे 75. भौतिकशास्त्रात 13 बरोबर, 21 चूक, 11 सोडलेले, म्हणजे फक्त 31. एकूण 361.

मग भौतिकशास्त्राचे ते 21 चुकलेले प्रश्न एकेक करून तपासले. यातच तासभर गेला, आणि तो जायलाच हवा होता. प्रत्येक चुकीपुढे एक खूण करायची : संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की अंदाजाने उत्तरपत्रिकेतला गोळा भरला. रफच्या पानावर ज्या प्रश्नाचं काहीच नाही तो अंदाज समजायचा, आणि मुलालाच खात्री करायला सांगायची. तिचे 12 अंदाज निघाले, 5 आकडेमोडीचे आणि 4 खरोखर संकल्पनेचे. सोडलेल्या 11 पैकी 8 घूर्णन गती आणि तरंग या दोनच धड्यांतले होते, ज्यांची उजळणीच झाली नव्हती. उरलेल्या तीन प्रश्नांपर्यंत ती पोचलीच नाही.

आकडेमोडीची पाच पानं मी वडिलांसमोर ठेवली. दहाच्या ऋण घातांचा गुणाकार तिने लांबलचक दशांश मांडून केला होता. सदिशाचे घटक काढताना साइन-कोसाइनची अदलाबदल. जिथे 9.8 ऐवजी 10 घेऊन पर्याय निवडता आला असता, तिथे तिने सहा ओळी लिहिल्या होत्या. कारण साधं आहे. अकरावीत जीवशास्त्र घेताना गणित सोडलं आणि तेव्हापासून त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, आलेख यांना हात लागला नाही. नीटच्या मुलांमध्ये ही अडचण मला वारंवार दिसते आणि तिच्याकडे फार कमी क्लास लक्ष देतात, कारण ते भौतिकशास्त्र शिकवतात, त्याला लागणारं गणित गृहीत धरतात. राजस्थानातला क्लासही ते गृहीतच धरणार होता. आणि तिथे चाचणीतल्या क्रमाने तुकड्या लागतात, त्यामुळे 361 गुणांवर ती वरच्या तुकडीत बसली नसती. माहितीपत्रकावर ज्या शिक्षकांचे फोटो असतात, ते खालच्या तुकडीला शिकवतात का, हा प्रश्न फी भरण्याआधी लेखी विचारायचा असतो.

इथपर्यंत वडील ऐकत होते, पण मन वळलेलं नव्हतं. "गणिताचं तिकडेही करून घेऊ," असं ते म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. मग मी कागदपत्रांकडे वळले.

महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 85 टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात, उरलेल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतंच, पण तेवढं पुरत नाही. मूळ नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण हवी. काही अपवाद आहेत, मुख्यतः बदलीच्या सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी, पण वडील खासगी नोकरीत होते. म्हणजे बारावीचं गुणपत्रक राजस्थानातल्या शाळेचं आलं असतं तर त्या 85 टक्के जागांवरचा तिचा हक्कच गेला असता. तिकडचा राज्य कोटाही आपोआप मिळत नाही. उरल्या असत्या मुख्यतः अखिल भारतीय कोट्यातल्या जागा आणि अभिमत विद्यापीठं, जिथल्या फीबद्दल त्या घरात बोलायचीही सोय नव्हती.

वडिलांचा विश्वास बसेना. त्यांचा पुतण्या असाच बाहेर राहून बारावी झाला होता आणि त्याला पुण्यात इंजिनिअरिंगला राज्याच्या यादीतून जागा मिळाली होती. घोटाळा इथेच होता. इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेशात दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेले उमेदवार 'अ' प्रकारात येतात. ज्यांचं तसं नाही, पण स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास महाराष्ट्राचा आहे, त्यांच्यासाठी 'ब' प्रकार आहे. पुतण्या त्या दाराने आत आला. वैद्यकीयला हे दार नाही. क्लासच्या एजंटने "डोमिसाइल (अधिवास प्रमाणपत्र) आहे ना, मग काही अडचण नाही" असं सांगितलं, ते इंजिनिअरिंगपुरतं खरं होतं. इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे जेईई, देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : एनआयटी या केंद्रीय इंजिनिअरिंग संस्थांमधल्या निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात आणि गृहराज्य बारावी जिथून झाली त्यावरून ठरतं. राजस्थानातून बारावी केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीचा गृहराज्याचा हक्क जातो आणि जयपूरच्या एमएनआयटीचा मिळतो. कुणाला तो सौदा परवडेलही, पण तो समजून केलेला असावा.

मी वैद्यकीय प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान त्यांना स्वतः वाचायला दिलं. अशा वेळी समुपदेशकाच्या तोंडी शब्दावर विसंबू देऊ नये, नियम दरवर्षीच्या पुस्तिकेत पाहावा. ते पान वाचून झाल्यावर त्यांनी टीसीचा अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

"नावापुरता प्रवेश" याबद्दलही बोलणं भाग होतं. सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. सवलत मिळते ती आजारपण किंवा तशाच गंभीर कारणासाठी, कागदपत्रांनिशी. 2024 मध्ये मंडळाने दिल्ली आणि राजस्थानातल्या शाळांची अचानक तपासणी केली आणि 21 शाळांची संलग्नता काढून घेतली. शिवाय बारावीत शाळा बदलताना अकरावीची नोंदणी, उत्तीर्ण झाल्याचं गुणपत्रक, तेच विषय, बदलीचं कारण आणि त्याचा पुरावा हे सगळं मंडळाच्या मंजुरीसाठी जातं. ती अडकली तर मूल मधल्या मध्ये लटकतं. प्रात्यक्षिकांचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येकात 30 गुण असतात, ते प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता मिळतील असं कुणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या आश्वासनांकडेही संशयाने पाहावं.

तिसरा पर्याय आईने काढला : राज्यातच, लातूरसारख्या ठिकाणी, क्लासशी जोडलेलं कनिष्ठ महाविद्यालय. कोट्याची अडचण त्यात नाही, आणि दहावीनंतर हा विचार झाला असता तर मी तो गंभीरपणे तपासा असं म्हटलं असतं. पण अकरावीनंतर त्यात मंडळही बदलतं, सीबीएसईऐवजी राज्य मंडळ. भौतिक-रसायनाचा गाभा बराचसा सारखा असला तरी धड्यांची विभागणी, प्रश्नांचा बाज, उत्तर लिहिण्याची पद्धत वेगळी. इंग्रजीचा पेपरही नव्याने समजून घ्यावा लागतो. नीटसाठी वाचायची पुस्तकं एनसीईआरटीचीच, आणि ती तिच्या हातात आधीपासून होती. आहे ती शाळा सोडून तिच्या हाती नवं काही लागणार नव्हतं.

शाळा बदलूच नये असं माझं मत नाही. मुलाला तिथे त्रास दिला जात असेल, प्रयोगशाळा किंवा विषयाचे शिक्षकच नसतील, प्रवासाने तब्येत ढासळत असेल, तर बारावीतही बदलावी, राज्य तेच ठेवून. इथे यातलं काही नव्हतं. हवा होता तो वेळ.

तो आम्ही वेळापत्रकातून काढला. जीवशास्त्रात ती पुस्तक वाचून 68 प्रश्न बरोबर आणत होती, तरी आठवड्यातले दोन दिवस चार-चार तास क्लासमध्ये जीवशास्त्र ऐकत होती. ते दोन दिवस बंद, फक्त चाचण्या द्यायच्या. जाण्या-येण्यासह आठवड्याला साडेनऊ तासांहून जास्त मोकळे झाले, शाळेच्या सहा दिवसांत वाटले तर रोज दीड तासापेक्षा थोडे अधिक. बस गावभर फिरत पन्नास मिनिटं घेते, थेट रस्ता वीस मिनिटांचा. सकाळी वडील सोडणार (तो अर्धा तास झोपेला) आणि दुपारी आई आणणार (तो अभ्यासाला). पन्नास मिनिटांचे जवळजवळ तीन तास झाले. क्लासवाल्यांनी आधी कुरकुर केली, पण फी पूर्ण भरलेली असल्याने हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

पहिले तीन आठवडे रोज पाऊण तास फक्त गणित ठरवलं : घातांक, लॉग, त्रिकोणमितीची मूल्यं, सदिशांचे घटक, आलेखाचा चढ, आणि साधं अवकलन-संकलन नीटला लागतं तेवढंच. मग घूर्णन गती आणि तरंग. चाचणीत नियम एकच : चारपैकी दोन पर्याय कारणासहित खोडता आले तरच अंदाज करायचा, नाहीतर गोळा कोरा. तिच्याच पेपरवर हिशेब दाखवला. 12 आंधळे अंदाज टाळले असते तर 12 गुण वाचले असते. आकडेमोडीच्या 5 चुका बरोबर आल्या असत्या तर प्रत्येकी 5 प्रमाणे 25. भौतिकशास्त्राचे 31 चे 68 झाले असते, एकही नवा धडा न शिकता. हे आकडे पाहून ती पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसली आणि पेन तिने स्वतःच्या हातात घेतलं.

मे अखेरची तारीख वहीत लिहून घेतली. तोवरच्या चाचण्यांत भौतिकशास्त्रातले आंधळे अंदाज तीनच्या आत आले नाहीत आणि स्वतःचा अभ्यास रोज अडीच तासांखाली राहिला, तर याच शहरातल्या, घराजवळच्या सीबीएसई शाळेचा विचार करायचा. त्यानंतर नाही, कारण मंडळाकडे बदलीचे अर्ज पाठवायची मुदत आणि बारावीची नावनोंदणी पुढे जवळ येते.

राहिली बुकिंगची रक्कम. क्लासांसाठी केंद्राने जानेवारी 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. इथे तर शिकवणी सुरूच झाली नव्हती. फोनवर न बोलता लेखी मागा, असं वडिलांना सांगितलं. पावतीचा क्रमांक, रक्कम, भरल्याची तारीख, प्रवेश घेत नसल्याचं एक वाक्य, मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख आणि बँक खात्याचा तपशील, एवढंच ईमेलमध्ये लिहायचं. कारणं आणि तक्रारी त्यात घालायच्या नाहीत. तो मजकूर त्यांनी तिथेच बसून लिहिला आणि मुलीने वाचून पाठवला.