चारच्या आत फुकट

मंगळवार, रात्री

चार वर्षांच्या आतलं मूल फुकट. दहाच्या आतलं अर्ध्या तिकिटात. बाकीच्यांना तिसऱ्या वर्गाचं भाडं, किलोमीटरला चार फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). चारशेच्या वर माणसं असली की पार्टी रेट, म्हणजे निम्मं. जाणाऱ्यांचं एकेरी, बरोबरच्या पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन.

हिटलरच्या राज्यात ज्यूंना मरायला नेण्यासाठी जर्मन रेल्वेने लावलेले हे दर. तिकीट कुणाच्या हातात पडलं नाही, बिल परस्पर सरकारच्या खात्याकडे, आणि पैसे त्याच लोकांच्या जप्त केलेल्या घरादारातून. हे वाचताना अंगावर काटा यायला हवा होता. तो आला, पण नंतर. त्याआधी माझा हिशेब करून झाला होता. पाचशे किलोमीटर धरले तर मोठ्या माणसाचे वीस मार्क, पार्टी रेटने दहा.

माझा मुलगा समीर म्हणतो, तुला बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनला न्यायलाच नको होतं. त्यात त्याचा काय दोष? चांगलं स्टेशन आहे, वरून लोकल जातात, आणि बाजूला तो 17 नंबरचा फलाट, जिथून ज्यूंच्या गाड्या सुटायच्या. 1998 पासून तिथे स्मारक आहे, रेल्वेनेच केलेलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या पट्ट्या, 186. प्रत्येकीच्या कडेला तारीख, माणसं किती, कुठून कुठे. पहिली 18 ऑक्टोबर 1941, बर्लिन ते पोलंडमधलं लोत्झ. कुठे आकडा हजाराच्या वर, कुठे शंभर. शेवटची मार्च 1945 ची, म्हणजे बर्लिन पडायला सव्वा महिना उरला होता तेव्हाही गाडी वेळेवर. रुळांमधून झाडं वाढली आहेत, ती मुद्दाम ठेवलीत. नात ओवी पट्टीवरून पट्टीवर उड्या मारत होती. पुढच्या महिन्यात ती चारची होईल. असो.

मला त्या हुद्देदारांचं काही वाटत नाही. ते राक्षस, विषय संपला. मला तो तिकीट खिडकीमागचा माणूस सोडत नाहीये. त्यानेही कार्बन नीट लावला असेल. अर्धी तिकिटं वेगळी मोजली असतील, बेरीज दोनदा ताडून पाहिली असेल. मी इथे रेल्वेच्या बुकिंग खिडकीत शाळेच्या सहलींचे कन्सेशन फॉर्म असेच तपासायचे. मुख्याध्यापकांचा शिक्का, मुलांची संख्या, वयं. एक मूल बारा पूर्ण झालेलं निघालं तर अख्खा फॉर्म परत. बीपीटी, म्हणजे हाताने भरायचं कोरं तिकीट, माझ्यासारखी स्वच्छ कुणी लिहीत नसे, हे साहेबसुद्धा म्हणायचे. उभा जन्म त्या खिडकीत गेला. सणवार गेले, आईच्या शेवटच्या आजारपणात रजा मिळाली नाही ती गोष्ट वेगळीच. त्या सगळ्याच्या बदल्यात एवढंच कमावलं होतं की हिशेब चोख. आणि आता या वयात कळावं की चोख हिशेबाने हेही होतं.

वर लिहिलेलं आत्ता वाचलं आणि हसूच आलं. साठ लाख माणसं गेली आणि ही बाई रडतेय स्वतःच्या डीटीसी बुकासाठी, रोजच्या तिकीट-हिशेबाच्या वहीसाठी!

या गाड्यांची बिलं जिने केली ती मध्य युरोप प्रवास कंपनी पर्यटकांच्या सहलीही काढायची. तोच कारभार, तेच भाडेपत्रक. गान्झेनम्युलर म्हणून रेल्वेखात्याचा सचिव होता. जुलै 1942 मध्ये त्याने एसएसचा प्रमुख हिमलर याच्या कार्यालयाला कळवलं की 22 तारखेपासून रोज एक गाडी, पाच हजार ज्यू, वॉर्सा ते त्रेब्लिंका, मालकिन्यामार्गे. त्रेब्लिंकाला माणसं मारण्याची छावणी होती. तिकडून आभाराचं पत्र आलं. पुढे 1973 मध्ये खटला उभा राहिला तर याला हृदयविकाराचा झटका. खटला थांबला, गृहस्थ 1996 पर्यंत जगला. त्याच्यावर आणखी शाई घालवणार नाही.

पण खालच्या लोकांनी साक्षीत सांगितलं, आम्ही टेबलावर बसून वेळापत्रकं करत होतो, आम्हाला काय ठाऊक! इथे माझं डोकं फिरतं. बाहेरच्या माणसाला पटेल हे. पण त्या वेळापत्रकात परतीची गाडी रिकामी लिहिलेली आहे. भरलेली गेली, रिकामी आली, पुन्हा भरली. त्रेब्लिंका म्हणजे आडबाजूचं चिमुकलं स्टेशन. तिथे रोज पाच हजार माणसं उतरतात, तर त्यांना धान्य कुठल्या वाघिणीतून जातंय? परतीचं बुकिंग एकही का नाही? आमच्याकडे जत्रेच्या स्पेशलला एका बाजूने डबे रिकामे धावले तरी वरून विचारणा व्हायची, रेक, म्हणजे अख्खी गाडी, का अडकवला म्हणून. रेल्वेच्या माणसाला रिकामा रेक दिसतोच. त्याला तो दिसला, त्याने तो रकान्यात भरला आणि खाली सही केली.

समीरला हे सांगितलं तर म्हणेल, आई, तू आता हिटलरच्या ऑडिटला बसलीस. बसले तर बसले.