आमची वाटचाल: सही करणं सोपं, तपासणं अवघड

कारखान्यांचे पगार काढून देणं हे आमचं काम. कचेरी सदाशिव पेठेत, गिऱ्हाइकं बहुतेक भोसरी-चाकणची. महिनाअखेरीला प्रत्येकाला एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) जाते: कर्मचारी क्रमांक, खाते क्रमांक, रक्कम. वाटेत एक आकडा बदलला तरी पैसे भलत्याच्या खात्यात. म्हणून फाइलला डिजिटल सही.

सुरुवात चेकसमने केली, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला छोटा पडताळणीचा आकडा. फाइलसोबत एमडी-५ पद्धतीने काढलेला तिचा चेकसम पाठवायचा. पण फाइल बदलणारा चेकसमही नवा काढून ठेवतो, त्याला कसलीच किल्ली लागत नाही. कुलूप न लावता नुसती कडी घातल्यातला प्रकार.

मग ओपनएसएसएल हे सही करणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर आलं. त्याच्या डीजीएसटी कमांडला एसएचए-२५६ ही पद्धत, खासगी किल्ली (फक्त आमच्याकडे असते, समोरचा तिच्या जोडीच्या सार्वजनिक किल्लीने सही तपासतो) आणि फाइल दिली, की ती फाइलचा ३२ बाइटचा हॅश, म्हणजे सारांश, काढून त्यावर सही करते आणि वेगळी सिग फाइल लिहिते. किल्ली आरएसए प्रकारची, २०४८ बिटची असेल तर सिग फाइल बरोबर २५६ बाइटची, पगारपत्रक दहा ओळींचं असो वा दहा हजार. पाठवण्याआधी आमची स्क्रिप्ट हा आकार बघते, कारण डिस्क भरली असेल तर ० बाइटची फाइलही गुपचूप निघून जाते. ईमेलसाठी सही बेस-६४ मध्ये (बायनरी बाइट साध्या अक्षरांत लिहायची रीत) घातली तर ३४४ अक्षरं होतात. समोरच्याने ती परत बायनरीत न आणता तपासली तर नापासच होणार. किल्लीच्या फाइलला परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते, आणि तिचा पासवर्ड कमांडच्या ओळीत कधीही नाही, कारण चालू प्रोसेसच्या यादीत तो त्याच मशीनवरच्या इतरांनाही दिसू शकतो.

सही करण्याचं एवढंच. डोकं खाल्लं ते तपासणीने.

“तुमची सही चुकतेय” असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: फाइल एक्सेलमध्ये उघडली होती का? अकाउंट्समधलं कुणीतरी नुसतं बघायला म्हणून उघडतं आणि बंद करताना सेव्ह करतं. ००४७ चा ४७ होतो. लांब खाते क्रमांक घातांकात जातो, आणि १५ आकड्यांपुढचं तर एक्सेल जपतच नाही. अशी फाइल बँकेत जाण्याआधी अडली, म्हणजे सहीने तिचं काम केलं. दुसरा गुन्हेगार ओळीचा शेवट. लिनक्समध्ये ओळ एका बाइटने संपते, विंडोजमध्ये दोन. फाइल पाठवायचं एफटीपी टेक्स्ट मोडवर राहिलं की अदलाबदल होते आणि डोळ्यांना काही कळत नाही. त्यामुळे आता आधी झिप, मग झिपवर सही, आणि तपासणी झिप उघडण्याआधी.

सगळ्यात महागात पडू शकणारी चूक मात्र स्क्रिप्टमधली. तपासणी फसली तर ओपनएसएसएल एक्झिट कोड १ देतं (० म्हणजे काम झालं, बाकी आकडा म्हणजे चूक). पण लॉग ठेवायला म्हणून तिचं आउटपुट पाइपमधून टी (स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिणारी कमांड) कडे दिलं, तर स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला कोड मिळतो टी चा, म्हणजे ०. स्क्रीनवर ‘फेल्युअर’ आणि खाली फाइल बिनधास्त पुढे! शेलचं पाइपफेल हे सेटिंग चालू करणं हा इलाज, मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं. शिवाय फाइल आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये घ्यायची आणि तपासलेली तीच प्रत वापरायची. नाहीतर तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणी कुणीही फाइल बदलेल.

ही सही आमच्या-तुमच्यातली. फॉर्म १६ सारख्या कागदावर ती चालत नाही. तिथे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. १ जानेवारी २०२१ पासून वर्ग २ बंद होऊन वर्ग ३ राहिला. किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि टोकन पिन मागतं, त्यामुळे रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट तिथेच थांबून राहते. ते काम आम्ही दिवसा, माणूस समोर बसवून करतो.

पुढे काही ठिकाणी जीपीजी हे सहीचं दुसरं सॉफ्टवेअर आलं. ते किल्ल्यांच्या जुडग्यातल्या कुठल्याही किल्लीच्या सहीला ‘गुड सिग्नेचर’ म्हणतं, मग ती किल्ली आमची असो वा नसो. म्हणून गिऱ्हाइकाची स्क्रिप्ट त्या शब्दांवर विसंबत नाही, स्टेटस आउटपुटमधला किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट, किल्लीची ओळख पटवणारा आकडा) जुळवते. तो ठसा फाइलसोबत पाठवून उपयोग नाही, फाइल बदलणारा तोही बदलेल. नवीन गिऱ्हाइकाला आम्ही तो फोनवर वाचून दाखवतो: ४० अक्षरं, चार-चारच्या दहा गटांत, आणि समोरच्याने तो परत आम्हाला वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवत नाही.