हातातला कागद वाजतो तेव्हा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी २२ वर्षे शिकवते आहे. दिवसातले चार-पाच तास मी बोलतच असते, आणि तरीही व्यासपीठावर चार वाक्ये बोलायची वेळ आली की माझे पाय लटपटत. सहकाऱ्यांना हे खरे वाटत नसे. "बाई, तुम्ही आणि घाबरता?" म्हणून ते हसण्यावारी नेत.

नऊ वर्षांपूर्वी एका शैक्षणिक कार्यक्रमात आभारप्रदर्शन माझ्याकडे आले. ज्याला भाषण जमत नाही त्याच्या गळ्यात आभारप्रदर्शन घालायची आपल्याकडे रीतच आहे. वास्तविक सगळ्यांत जोखमीचे काम तेच, कारण त्यात नावे असतात, आणि ज्याचे नाव राहून जाते तो ते जन्मभर विसरत नाही. सगळा मजकूर मी एका पातळ कागदावर लिहून तोंडपाठ केला होता. माईकसमोर उभी राहिले, कागद उघडला, आणि तो थरथरू लागला. ती फडफड माईकने टिपली आणि सभागृहाच्या मागच्या कर्ण्यांतून माझ्याच हाताची थरथर मला ऐकू आली. त्या क्षणी प्रमुख पाहुण्यांचे नाव डोक्यातून साफ पुसले गेले. कागदावर ते होते, पण ओळी डोळ्यांसमोर ठरत नव्हत्या. "सर्वांचे आभार" एवढेच म्हणून मी खाली उतरले.

त्यानंतरची तीन वर्षे कार्यक्रम ठरला की मी रांगोळी, चहापाणी, हारतुरे ही कामे आपणहून मागून घेत असे. प्रत्येक वेळी हायसे वाटे, आणि भीतीला खतपाणी मिळत होते ते नेमके त्या हायसे वाटण्यातूनच, कारण पळ काढल्यावर बरे वाटले की शरीर असे धरून चालते की तिथे खरोखरच धोका होता. पुढे थोडे वाचन केले तेव्हा बाकीचेही उलगडले. संकट दिसले की शरीरात ॲड्रेनलिन सुटते, हृदय जोरात धडधडते, कातडीकडचे रक्त आत वळल्यामुळे हात गार पडतात, लाळ आटून जीभ टाळ्याला चिकटते. समोर वाघ असो वा पालकसभा, शरीराची तयारी एकच.

मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात गांधीजींना तोंड उघडता आले नव्हते, ही गोष्ट मला निदान दहा जणांनी सांगितली. तिने धीर आला, पण पुढच्या वेळी करायचे काय, ते काही कळले नाही.

ते कळले मांडावर, म्हणजे गावातल्या धालोच्या ठरलेल्या जागी. आमच्या गावी पौषातल्या चांदण्या रात्री धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ होतो. बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, एक रांग गाते आणि दुसरी ते गाणे उचलते. माझी मावशी तिथे तासन् तास खणखणीत आवाजात गाते, पण तिलाच महिला मंडळाच्या सभेत दोन शब्द बोलायला सांगा, ती पदर सावरत म्हणते, "म्हाका जमचें ना गे बाय." त्या रात्री तिच्याकडे पाहताना मनात आले, की मांडावर कोणी एकटी नाही आणि कोणी प्रेक्षकही नाही, मावशीचे सगळे लक्ष समोरच्या रांगेकडून येणाऱ्या ओळीवर आहे, आपण कशा दिसतो यावर नाही. वर्गात माझेही तेच होते. माझी नजर मुलाच्या पाटीवर असते, त्याला हातचा कळला की नाही यावर असते. व्यासपीठावर चढले की तीच नजर उलटी फिरून स्वतःवर येते, आणि मग स्वतःच्या हाताशिवाय काही दिसेनासे होते.

अमेरिकेतल्या केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच धागा सापडतो. आपली घाबरगुंडी श्रोत्यांना स्वच्छ दिसते असे वक्त्याला वाटते, प्रत्यक्षात ती त्यांना बरीच कमी दिसते. आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. अर्थात पातळ कागद हातात असेल तर थरथर दिसते आणि ऐकूही येते, त्याला मानसशास्त्राचा इलाज नाही. म्हणून मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर कागद सोडून लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा वापरू लागले. तो वाजत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाठांतर सोडले. पाठ केलेले भाषण साखळीसारखे असते, एक कडी निसटली की पुढचे सगळे निसटते. आमची अडचण आणखी वेगळी. घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहिणे-वाचणे मराठीत. त्यामुळे व्यासपीठावर एखादा कोंकणी शब्द निसटेल या धास्तीने आम्ही "सन्माननीय व्यासपीठ"छाप जड मराठी घोकतो, आणि जे शब्द एरवी जिभेवर नसतात ते घाबरल्यावर तर मुळीच येत नाहीत. आता पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य एवढेच मी पक्के करते, कारण धडधड सर्वांत जास्त असते ती सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत. नावे मात्र पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. मधल्या भागासाठी चार शब्द पुरतात.

श्वासाचा धडा वडिलांकडून मिळाला. ते भजनात गातात. अभंगाचे चरण न तोडता म्हणायचे तर श्वास पोटातून घ्यावा लागतो आणि हळूहळू सोडावा लागतो, आणि श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते हे शरीरशास्त्रही सांगते. नाव पुकारले जाण्याआधी मी खुर्चीत बसूनच चार-पाच वेळा असा लांब श्वास सोडते. कोणाला कळतही नाही.

शाळा सुटल्यावर रिकाम्या बाकांसमोर उभे राहून मोठ्याने बोलायचा सराव मी वर्षभर केला, तोही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून बंदच केला होता. आपला आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे मुद्रणात तो परका आणि बारीक वाटतो, हे नंतर समजले. मग प्रार्थनेनंतरची सूचना, पालकसभा, तालुक्याचे शिक्षक प्रशिक्षण, अशी एकेक पायरी चढले. ज्यांची भीती झोप आणि नोकरी यांवर उठली आहे त्यांनी मात्र एकट्याने झगडू नये. अशाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ अधिक नीट आखून देतात.

गेल्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, फोंड्यातल्या एका कार्यक्रमात मी १२ मिनिटे बोलले. बोटे गार होती. पुठ्ठ्यावर चार शब्द होते: पाटी, आजी, पाढे, वाचनालय. आजीबद्दल सांगताना "मी"च्या जागी "हांव" आले, सभागृह हसले, मीही हसले, आणि तिथून पुढे आवाज मोकळा झाला. तिसऱ्या रांगेत मावशी कानामागे हात धरून बसली होती, म्हणून तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत राहिले. खाली उतरून पुठ्ठा पर्समध्ये ठेवताना लक्षात आले, की तिसरा शब्द राहूनच गेला होता. कोणीच काही विचारले नाही. पाढ्यांची ती गोष्ट मी दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात सांगितली.