रोजचं पाकीट, रविवारचं पाकीट

रामबागेत आमचं औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. इंदूरच्या या भागात काउंटरवरचं निम्मं बोलणं मराठीत होतं, निम्मं हिंदीत, आणि गिऱ्हाईक औषधाचं नाव सांगतच नाही, रंग सांगतं. "ती छोटी पिवळी दे." आणि आपल्यालाही कळतं कोणती ते. म्हणजे कळतं असं वाटतं.

श्रावण संपत आला होता, पाऊस लागून राहिला होता. सोमवारी सकाळी काका छत्री मिटत आत आले. "तोंडाला लावायचं जेल दे रे. हिला तोंड आलंय, साधं पाणी झोंबतं. आणि ही रोजची गोळी संपली." त्यांनी खिशातून कागदी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. वरचं अक्षर माझंच : 'रोज १, रविवार सोडून.' आत पिवळ्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, दहाच्या दहा संपलेल्या. सवयीने उलटी करून नाव वाचलं. मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम.

ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची. दहा गोळ्या म्हणजे दहा आठवडे. आणि मी ती दिली होती बारा दिवसांपूर्वी, बुधवारी. मनातल्या मनात हिशेब केला : बुध ते शनि चार, मग रविवार सोडून सहा. बरोबर दहा. काकांनी पाकिटावरचा शब्द न् शब्द पाळला होता.

काकूंच्या हातचे उकडीचे मोदक आमच्या गल्लीत ऑर्डर देऊन घेत. गेल्या गणपतीत त्यांनी ऑर्डरी बंद केल्या. उकड मळवेना, कळ्या पाडायला चिमटीत जोर राहिला नाही. सगळ्यांनी सांगितलं, वय झालं, झीज आहे. सगळ्यांत मीही होतो. सहा महिने मी त्यांना दुखण्याच्या गोळ्या दिल्या, हे लपवून उपयोग नाही.

खरं तर मला ओळखता यायला हवं होतं. झिजेच्या गुडघ्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे ढिगाने येतात. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजलेली असते. चालल्यावर, जिना चढल्यावर दुखतं, बसलं की उतरतं. सकाळी आखडलेला गुडघा पाच-दहा मिनिटांत मोकळा होतो. काकूंचं उलटं. स्वस्थ पडून राहिल्यावरच जास्त. सकाळी मूठ वळायची नाही, नळ फिरवता यायचा नाही. दहा-अकरा वाजता हात जरा सुटे होत. दोन्ही मनगटं, दोन्ही हातांच्या बोटांची मुळं सारखीच सुजलेली. टोकाचे सांधे मात्र ठणठणीत. दुकानात त्या कायम बारानंतर यायच्या आणि स्ट्रिप माझ्यापुढे धरून म्हणायच्या, "पहिली तेवढी काढून दे रे." मी काढून द्यायचो, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो.

शेवटी सुनेने सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हस्तांदोलन करावं तसा हात धरून बोटांची मुळं आडवी दाबली आणि काकू कळवळल्या. रक्ततपासणीतही तेच निघालं. आमवात, रुमॅटॉइड. यात झीज नंतर येते. आधी शरीराची संरक्षणाची फौज आपल्याच सांध्यांवर उलटते, सांध्याच्या आतलं अस्तर सुजून जाड होतं आणि ते कूर्चा, मग हाड कुरतडत जातं. दुखण्याच्या गोळीने ठणका थांबतो, कुरतडणं थांबत नाही. ते थांबवायला मेथोट्रेक्सेट. हे मुळात कॅन्सरचं औषध. थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा, ते या फौजेला आवरतं. अमेरिकेत १९८८ साली त्याला या आजारासाठी मंजुरी मिळाली. फॉलिक ॲसिडच्या कामात ते आडवं येतं, म्हणून फॉलिकची गोळी जोडीला देतात. मात्रा चुकली की भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मार खातात : तोंडाचं अस्तर आणि हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं.

म्हणून ते तोंड.

"काका, जेल राहू द्या. ताप आहे का?"

"काल रात्री कणकण होती. का रे?"

"अंगावर कुठे काळं-निळं?"

"दंडावर आहे. मला वाटलं, दार लागलं असेल."

डॉक्टरांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, तडक दाखल करा, रिकामी स्ट्रिप सोबत न्या. दुकान पोऱ्यावर सोडून मी रिक्षा आणली. पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, प्लेटलेट्सही. ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं सुरू झाली. या औषधाचा मार अडवायला तेच देतात. नऊ दिवस काकू हॉस्पिटलात होत्या.

घोटाळा असा झाला होता : घरी काकांनी चष्मा लावून दोन्ही स्ट्रिपा बाहेर काढल्या, चिठ्ठीशी ताडून पाहिल्या आणि परत ठेवताना अदलाबदल झाली. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. फॉलिक गेलं 'फक्त रविवारी'च्या पाकिटात. काका हॉस्पिटलच्या बाकावर बसून "माझीच चूक" म्हणत राहिले, आणि दोन दिवस मी ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, काका, मी स्ट्रिपवर लिहायला हवं होतं, पाकिटावर नाही. आणि महिन्याला चार लागतात तिथे दहा द्यायला नको होत्या. ते काही बोलले नाहीत. हातातली थर्मासची पिशवी माझ्याकडे दिली, "वर नेऊन दे."

यंदाही गणपतीत मोदक नव्हते. मधल्या काळात औषध बंद, त्यामुळे बोटं पुन्हा फुगली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तीच गोळी परत लिहिली, आधी कमी मात्रेत, दर महिन्याला रक्त तपासून. काका काउंटरवर अडून बसले. "हीच? जिने हिचा जीव घेतला असता?" मी अर्धा तास समजावत होतो, पण मलाही हात लावताना धाकधूक होत होतीच.

माघात दोघं आली. मात्रा आता पुन्हा साडेसातवर आली होती. मी चारच गोळ्या कापल्या, नाव असलेल्या बाजूच्या, आणि मार्कर काढला.

"रविवार नको लिहू," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मळमळतं, आणि सोमवारी नातीचा डबा असतो. शनिवार कर. डॉक्टरांना विचारलंय. म्हणाले, वार कुठलाही चालेल, पण एकच."

मी चारही गोळ्यांच्या वर एकेकदा 'शनि' लिहिलं.

काकांनी स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली. "साडेसातची गोळी, वर शनि. साडेसातीच मागे लावलीस की रे!"

"आठवड्यातून एकदाच येतोय ना," काकू म्हणाल्या, "येऊ दे."