फुग्यात न मावणारं मराठी

"तुझी माणसं मोकळी आहेत, फुगे मात्र गुदमरलेत."

मंगळवारी माझ्या चित्रकथेचं पान हातात घेऊन, त्यातल्या संवादांच्या फुग्यांवर बोट ठेवून आमचे मास्तर एवढंच बोलले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. 'मास्तर' हे मी मनातल्या मनात म्हणते. इथे सगळे त्यांना नावानंच हाक मारतात. वर्ष उलटलं तरी माझी जीभ त्याला तयार होत नाही, म्हणून मी हाकच मारत नाही. नुसती समोर जाऊन उभी राहते.

मी फ्रान्समध्ये चित्रकथा शिकते. घरच्यांना अजून वाटतं की मी पॅरिसला असते. पॅरिसहून वेगवान गाडीनं दोनेक तास नैऋत्येला आलं की अंगुलेम लागतं. साधारण ४० हजार वस्तीचं गाव, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण म्हणा. जुनं गाव डोंगरमाथ्यावर तटबंदीच्या आत आहे, खाली शारांत नदी वाहते आणि स्टेशनही खालीच. त्यामुळे कुठूनही आलं तरी शेवटी चढ चुकत नाही. नदीच्या पाण्यावर इथे शेकडो वर्षं कागद बनत आला. आता त्या कागदावर चित्रं काढणाऱ्यांचं हे गाव झालंय. १९७४ पासून बहुतेक वर्षी जानेवारीच्या शेवटी भरत आलेल्या चित्रकथांच्या महोत्सवानं त्याला ही ओळख दिली.

ओळख म्हणजे किती? जुन्या गावात रस्त्यांच्या नावाच्या पाट्या चौकोनी नाहीत, संवादाच्या फुग्यासारख्या आहेत, खाली शेपटी असलेल्या. स्टेशनाबाहेर अ‍ॅस्टेरिक्सचे लेखक रने गोसिनी यांच्या आठवणीसाठी उंच खांब उभारलाय, त्यावर फुगेच फुगे. नदीवरच्या पायपुलावर चित्रकथाकार ह्यूगो प्रॅटचा खलाशी कोर्तो माल्तेझ उभा आहे. त्याच्याकडे बघून पहिल्या दिवशी मला मालवणची जेटी आठवली आणि उगाचच बरं वाटलं. घरांच्या आंधळ्या भिंतींवर दोन-दोन मजली चित्रं रंगवलीत. गल्लीतून भाजी घेऊन येताना आपण कुणाच्या तरी चौकटीतून चालतोय असं वाटतं.

चित्रकथेला हे लोक 'नववी कला' म्हणतात. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे चौसष्ट आसत, तुमची गाडी अजून नवावरच?"

तर, फुगे.

मी सध्या एका दशावतारी मंडळाच्या एका रात्रीची गोष्ट चितारतेय. संध्याकाळी टेंपोतून पेटारे उतरतात, राजा स्वतःच्या ट्रंकेवर बसून एका हातात आरसा धरून तोंड रंगवतो, बायकोचं काम करणारा बाप्या विडी ओढतो, आणि आज कुठलं आख्यान लावायचं हे तिथल्या तिथे ठरतं. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलं की नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. आणि हा सगळा भाषेचा मामला मला फुग्यात कोंबायचाय.

इथे फुग्यातली अक्षरं बहुतेक मोठ्या लिपीत हातानं लिहितात. सगळी एका उंचीची, ओळीखाली ओळ, विटा रचाव्यात तशी. दोन ओळींत बोटभरही फट लागत नाही. मीही तशीच आखणी करून मराठी लिहायला बसले आणि तिथेच घोळ झाला. वरच्या ओळीतल्या 'मू'चा उकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफारात घुसला. 'तुझ्यामुळे'नं 'स्वर्गीची'च्या वेलांटीला लाथ घातली. जागा करायला अक्षर बारीक केलं तर राजा कुजबुजल्यासारखा दिसायला लागला. फुगा मोठा केला तर राजाचं डोकं झाकलं. मास्तरांना वाचता काहीच येत नव्हतं, पण गुदमरणं मात्र बरोबर दिसलं.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा पूर्वी कुडाळच्या बाजारात बोर्ड रंगवायचे. किराणा, टेलरिंग, 'येथे सायकल भाड्याने मिळेल', पतसंस्था, सगळ्यांचे. फ्लेक्स आल्यापासून तेही संगणकावरच काम करतात आणि त्याबद्दल तक्रार करत नाहीत, पण ब्रश अजून धुऊन ठेवलेले असतात. मी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"गो, तू रेघ खय मारलंस?"

"अक्षरांच्या खाली. इथे तशीच मारतात."

"तेंची अक्षरा खाली बसतत. आपली बसत नाय. तारेर कपडे वाळत घालतत, तशी वरसून लोंबतत. आदी वरची रेघ, अक्षर मगे."

लहानपणी मी हे पाहिलंय. दोऱ्याला खडूची पूड चोळायची, एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी, मधे टिचकी मारायची की पत्र्यावर पांढरी रेघ उमटायची. ती शिरोरेघ. मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जायचं. दहा वर्षं मी दोऱ्याचं टोक धरलं, आणि फ्रान्सला येऊन अक्षरं खालून लिहायला बसले.

बुधवारी सगळे फुगे पुन्हा आखले. या वेळी शिरोरेघा आधी, दोन रेघांत अक्षराच्या दुप्पट अंतर, आणि फुगा आडवा लंबगोल न करता उभट. जागा वाचवायला संवाद कापले. राजाची तीन विशेषणं गेली, पण दशावतारातल्या राजाला तीन कमी झाल्यानं फरक पडत नाही. आरोळीचा प्रश्न मात्र सोपा निघाला. इथे आरोळी दाखवायची तर अक्षर जाड करतात किंवा स्वर पाच-सहा वेळा लिहितात. मी 'प्रधानजीऽऽऽ' लिहिलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, मधेच ही इंग्रजी एस अक्षरं कशाला? म्हटलं, हा अवग्रह, याचं काम फक्त आवाज लांबवणं. ती म्हणाली, तुमच्याकडे ओरडण्यासाठी वेगळं अक्षर आहे? आहे की. त्या दिवशी मी जरा ताठ चालले.

आवाजांची एक वहीच मी इथे केलीय. डावीकडे त्यांचे, उजवीकडे आपले. त्यांचं दार तॉक तॉक वाजतं, आपलं टकटक. त्यांचा दगड पाण्यात प्लूफ पडतो, आपला डुबुक. त्यांचा कोंबडा कोकोरिको करतो. आणि फ्रेंच माणसाला लागलं की तो ओरडतो 'आय'! वर्गात एकाचं बोट कटरनं कापलं आणि तो 'आय, आय' करायला लागला तेव्हा मी दचकून मागे बघितलं, आमच्याकडचं कोण आलं म्हणून. आमच्या घरी आजी पाय मुरगळला तरी 'आये गे' म्हणते. उजवीकडची बाजू लवकर भरते. भळभळ, खळखळ, झुळझुळ हे तिन्ही पाण्याचेच, आणि तिन्ही पाणी वेगवेगळी. एवढी श्रीमंती असून चित्रकथेची आपली फडताळं रिकामी का, हा विचार रात्री उशिरा येतो आणि मग झोप जाते.

अगदीच रिकामी नाहीत, हे मला कळतं. मी चित्र काढायला शिकले ती 'चिंटू'वरून. १९९१ मध्ये पेपरात सुरू झालेला, रोज तीन-चार चौकटींत आटपणारा. त्याचे केस मी वहीच्या प्रत्येक पानावर काढलेत. पुढे 'किशोर'चे अंक आले. मावशीनं जपलेले गठ्ठेच्या गठ्ठे, थोडी कसर लागलेले. इथे आल्यावर मार्जान सात्रापीचं 'पर्सेपोलिस' मूळ फ्रेंचमध्ये वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात तेहरानमधलं बालपण. पहिला भाग २००० सालचा. इराणची बाई, आणि लिहिलं फ्रेंचमध्ये. मला ते आवडतं आणि थोडं टोचतंही. वर्गातले मला तेच सुचवतात: तूही फ्रेंचमध्येच कर, प्रकाशक मिळेल. खरं आहे. पण माझा राजा फ्रेंच बोलायला लागला की मला तो दिसेनासा होतो.

आणि खरं सांगू, चित्र दाखवत गोष्ट सांगणं आम्हाला बाहेरून शिकायला नको होतं. कुडाळपासून हाकेच्या अंतरावर पिंगुळी आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सुट्या कागदांवरच्या चित्रांची पोथी समोर धरून, एकेक पान पुढे करत, टाळ-हुडुकाच्या साथीनं रामायण-महाभारत सांगत आले. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, दोन्हीकडे चित्र. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे पेपरात मोठा फोटो होता. शाळेत आम्हाला तिकडे सहलीला नेलं होतं आणि मी सगळा वेळ बाहेर आवळे विकणाऱ्या बाईपाशी होते. त्या पोथीत फुगे नाहीत, कारण फुगा म्हणजे शेजारी बसलेला गाणारा माणूस. हे सुचलं तेव्हा मी ट्राममध्ये बसून असते तर स्टॉप चुकला असता. अंगुलेमला ट्राम नाही, त्यामुळे नुसता चढ चुकला आणि खालच्याच रस्त्यानं फिरत राहिले.

माझ्या पहिल्या जानेवारीत महोत्सवाचे पांढरे तंबू उभे राहिले. त्या तंबूंनाही इथे फुगेच म्हणतात. सहीसाठी लोक घडीची स्टुलं घेऊन तासन्‌तास रांगेत बसतात, कारण लेखक नुसती सही करत नाही, पुस्तकात चित्र काढून देतो. माझ्या पुढे सत्तरीचे आजोबा होते, पायात या भागातल्या प्रसिद्ध चौकड्यांच्या लोकरी सपाता. थंडीत, रस्त्यावर, घरातल्या सपाता! त्यांनी मला थर्मासमधली कॉफी दिली आणि विचारलं, तू काय काढतेस? मी म्हटलं, रात्रभर चालणारं नाटक. किती पानांचं? म्हटलं, अठ्ठेचाळीस, तुमच्याकडच्या पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांसारखं. ते म्हणाले, रात्र अठ्ठेचाळीस पानांत संपेल? तेव्हा माझी सहा पानं झाली होती आणि मंडळ अजून टेंपोतून उतरतच होतं. आता एकोणीस झालीत. राजा रंगलाय. नाटक सुरू व्हायचंय.

एकोणिसाव्या पानावर गावातली बाई मंडळासाठी आमटीला फोडणी देते. चौकटीत मी मोठ्ठं 'चुर्र' लिहिलं. शेजारच्या मुलीला काही केल्या आवाज कळेना. पाऊस म्हणाली. मांजर म्हणाली. शेवटी काल संध्याकाळी तिला आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नेलं, तेल तापवलं, मोहरी, जिरं, हिंग, मिरची, आणि वरून डाळ ओतली. चुर्र! ती आनंदानं ओरडली, कळलं, कळलं! आणि त्याच क्षणी धुराचा भोंगा वाजायला लागला. सगळा मजला अंगणात. कुणी टॉवेलवर, कुणी एका मोज्यावर. मी हातात डाव घेऊन.

बाबांना सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "ता सगळा ऱ्हवांदे. भोंग्याक काय लिवतलंस?"

वहीत उजवीकडची ती जागा अजून मोकळी आहे.