मानाचा बैल

आमच्या गावात दोन पोळे भरतात. श्रावणातली अमावास्या एकच, मारुती एकच, पोळे मात्र दोन. एक मारुतीच्या पारापुढं, गावाचा. दुसरा तात्यांच्या वाड्यासमोर, तात्यांचा. नव्या सुनेला पहिल्या वर्षी हे समजावून सांगावं लागतं आणि सांगणारा हमखास अडखळतो, कारण भांडणाचं मूळ घराघरात वेगळं आहे.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. पूर्वी मान तात्यांच्या घराचा. खांदमळणीच्या संध्याकाळी बैलांना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं, दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झुली घालून, बाशिंगं बांधून सगळ्यांनी वेशीत जमायचं आणि थांबायचं. तात्यांचे वडील दुपारची झोप काढून उठत, चहा घेत, मग त्यांची देवणी जोडी निघायची. तोवर बैल उन्हात, पोरं उन्हात. एका वर्षी पाऊस आला, शिंगांचा रंग ओघळून बैलांच्या डोळ्यांत गेला, तरी कुणी जागचं हललं नाही, असं आजोबा सांगायचे. सांगताना हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी बारावीला असताना हे मोडलं. तोवर तात्यांच्या घरात भावाभावांच्या वाटण्या झालेल्या, वाडा गळायला लागलेला. गावानं समिती केली, वही घातली. ज्याचं नाव वहीत आधी, त्याचा बैल आधी. तात्या कुरकुरले, पण आले. एका वर्षी सातवे, दुसऱ्या वर्षी चौथे. मंगलाष्टकं झाली, त्यांनी स्वतः अक्षता टाकल्या. झालं, जमलं, असं सगळ्यांना वाटलं. तिसऱ्या वर्षी समितीनं तोरण वेशीतून हलवून पारापुढं बांधलं. तात्यांना विचारलं नाही. ते बैल घेऊन निघाले होते; निम्म्या वाटेत कुणीतरी सांगितलं, तिथूनच त्यांनी कासरा ओढला आणि माघारी वळले.

हे निम्म्या वाटेतून वळणं मला पुढं एकदा पेपरात भेटलं. २४ मार्च १९९९ रोजी रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह विमानानं वॉशिंग्टनला निघाले होते. नाटोचे, म्हणजे अमेरिकेच्या पुढारपणाखालच्या लष्करी आघाडीचे बॉम्ब युगोस्लाव्हियावर पडणार हे अटलांटिकवर असताना कळलं, तसं त्यांनी विमान वळवायला लावलं. तिकडं युनोत रशियाचा नकाराधिकार शाबूत होता, पण नाटोनं तो ओलांडून आपलं ठरवून टाकलं होतं. वर त्याच महिन्यात एकेकाळी रशियाच्याच गोटातले पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत दाखल झाले होते. तोरण हललं होतं.

रशिया म्हटलं की मला अजून शाळेच्या वह्या आठवतात. तिथून मराठीत एक गुळगुळीत मासिक यायचं. वाचायचं कुणी नाही, पण वह्यांना कव्हर घालायला त्याच्यासारखा कागद नव्हता. माझ्या गणिताच्या वहीवर कितीतरी दिवस एक हसरी ट्रॅक्टरवाली बाई होती. त्या थोरल्या घराच्या, म्हणजे सोव्हिएत संघाच्या, १९९१ मध्ये पंधरा वाटण्या झाल्या.

त्यानंतरचं लोक फार भराभर विसरतात. रशियानं लगेच दार लावून घेतलं, असं काही झालं नव्हतं. १९९४ मध्ये नाटोशी भागीदारीच्या कागदावर सही झाली, १९९७ मध्ये पॅरिसला आणखी एक करार झाला, श्रीमंत देशांच्या ‘जी-७’ गटात रशियाला पाट मांडून सातांचे आठ केले गेले. २००१ च्या ११ सप्टेंबरला अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा बुश यांना फोन करणाऱ्या परदेशी नेत्यांत पुतिन पहिले होते. त्याच महिन्यात ते बर्लिनच्या संसदेत बऱ्यापैकी जर्मनमध्ये बोलले. तेही तात्यांसारखेच अक्षता टाकून गेले होते.

पण माझा जीव अडकतो तो एका छोट्या प्रसंगात. १९९९ ते २००३ या काळात नाटोचे सरचिटणीस असलेल्या रॉबर्टसन यांनी तो २०२१ मध्ये सांगितला. पुतिन नुकते सत्तेवर आले होते. भेटीत त्यांनी विचारलं, आम्हाला नाटोत कधी बोलावताय? रॉबर्टसन म्हणाले, आम्ही बोलावत नसतो, अर्ज करावा लागतो. त्यावर पुतिन यांचं उत्तर असं की, ज्यांना काही महत्त्व नाही अशा देशांसोबत आम्ही रांगेत उभे राहणार नाही.

मला तर थेट तात्याच दिसले. त्या वळण्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा त्यांना समजवायला गेले होते, मी बरोबर होतो. “तात्या, वहीत नाव लिवा, पहिलं लिवा, कोण अडवतंय?” तात्या पान जुळवत म्हणाले, “नाव लिवू? ज्याच्या दारी सारं गाव जेवलं, त्यानं अर्ज करायचा व्हय? बोलवा म्हणावं, येतो.” पहिला नंबर त्यांना हवाच होता. फक्त तो वहीतून नको होता.

इथवर आलं की माणूस तात्यांकडं झुकायला लागतो. मीही झुकतो, मग आजोबांचं ते हसणं आठवतं. २००४ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया नाटोत गेले, ते काही मानासाठी नाही. १९४० मध्ये त्यांना गिळलं गेलं होतं, हजारो लोक सायबेरियात धाडले गेले होते. ज्यांचे बैल पावसात उभे राहिले, त्यांनीच आधी वही मागितली. थोरल्या घराला वाटतं, ही वही आपला अपमान करायला काढली आहे. लिहिणाऱ्यांना फक्त कुणाची झोप होईपर्यंत थांबायचं नसतं.

आम्ही मराठवाडेकर या बाबतीत फार सरळ, किंवा फार बावळट. १९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामातून सुटलो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात विनाअट आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. एक अट घातली नाही. तेव्हापासून दर अधिवेशनात ‘अनुशेष’ मोजत बसलोय. म्हणजे मान सोडून आत गेलेल्याचंही फार बरं होतं असं नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं.

तात्या फिरले ते नुसत्या रागानं नाही, हेही खरं. राग गरिबालाही येतो, त्याला तो गिळावा लागतो. १९९८ मध्ये रशियाची तिजोरी रिकामी होती, रुबल कोसळला होता. तेव्हाही राग होता, पण उसन्यावर चालणाऱ्या घराचा. पुढं तेलाचे भाव चढले, कर्ज फिटलं, आणि २००७ मध्ये म्युनिकच्या परिषदेत पुतिन यांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला. २०१४ मध्ये क्रिमिया घेतला, तसा आठांच्या पंगतीतला तो पाट उचलला गेला. आमच्या तात्यांचं तेल म्हणजे समृद्धी महामार्ग. माळाची जमीन रस्त्यात गेली, खात्यात पैसे आले. त्या वर्षी त्यांनी वाड्याला रंग दिला, दारात स्वतःचं तोरण बांधलं आणि पुरणाची पंगत घातली. वीसेक घरं गेली. काही पुरणासाठी, काही जुन्या भीतीपोटी.

तिकडं ४ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगमध्ये पुतिन आणि शी जिनपिंग यांनी मैत्रीला सीमा नाहीत असं लिहून दिलं. त्याच महिन्यात युक्रेनवर रणगाडे निघाले. युरोपनं गिऱ्हाईकी आटवली, तेव्हा तेलाला चीन आणि आपण भेटलो.

यंदा पोळ्याला गेलो होतो. गावच्या पोळ्यात बैल कमीच, हार घातलेले ट्रॅक्टरच जास्त. वहीत आता ट्रॅक्टरचेही नंबर लागतात. संध्याकाळी तात्यांकडं डोकावलो. त्यांच्याकडं एकच बैल उरलाय, तोही थकलेला. शेजारच्या गावचा एक मोठा बागायतदार त्यांचा नवा स्नेही. त्याची पांढरीशुभ्र खिल्लार जोडी टेम्पोतून आली होती. तोरणाखालून आधी ती गेली. मागून तात्यांचा बैल.

मी काही बोललो नव्हतो, पण तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि कासरा या हातातून त्या हातात घेत म्हणाले, “पाहुणा हाय रे. पाहुण्याला पुढं करावं लागतं.”